घरच्या प्रिंटरवर रंग जुळेनात: कासची जांभळी फुलं आणि मामांचा तांबडा चेहरा

रानवाटा, सातारा

नमस्कार मंडळी,

हॉलची एक भिंत फोटोंनी भरायची म्हणून सहा रंगांचा इंक टँक प्रिंटर घेतलाय. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा ब्रँडच्या भांडणात वाहून जाईल. शाई ओरिजिनल. कागद बाजारातला २७० जीएसएमचा ग्लॉसी, पाकिटावर कंपनीपेक्षा पोपटाचं चित्र मोठं. फोटो लॅपटॉपवर लाइटरूम या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमधून छापतो.

आता रडगाणं. कासला सीतेच्या आसवांचे फोटो काढले, पडद्यावर बघताना जीव निवतो. कागदावर तीच फुलं मळकट निळी. घाटाईच्या देवराईचा फोटो इतका काळा आला की झाड कुठलं आणि सावली कुठली ते कळेना. मामांच्या पंच्याहत्तरीचा फोटो छापला तर सगळ्यांचे चेहरे तांबडेलाल. मामी म्हणाल्या, "अरे, आम्ही काय त्या दिवशी भांडून बसलो होतो का?"

ब्राइटनेस वाढवून बघतो, तांबडा कमी करून बघतो. एक फोटो सुधारला की दुसरा बिघडतो. सुरुवात नक्की कुठून करायची?

शाईघर, सांगली

सुरुवात फोटोला हात लावणं थांबवण्यापासून करा. हे असं अंदाजपंचे चाललं तर कागद संपेल, रंग काही मिळायचा नाही. (माझं गावभागात डीटीपी आणि छपाईचं काम आहे, असली प्रकरणं रोज समोर येतात.)

तुमच्या तीन तक्रारींची कारणं मला तीन वेगवेगळी दिसतायत. तेव्हा आधी एवढंच ठरवायचं की गुन्हेगार प्रिंटर आहे की पडदा.

नोझल चेक काढा, म्हणजे शाई सोडणारी बारीक छिद्रं मोकळी आहेत का ते दाखवणाऱ्या रेघा, साध्या कागदावर निघतो. रेघा तुटक असतील तर बाकी सगळं बाजूला ठेवून हेड क्लीनिंग करा. एक-दोनदा करूनही रेघा भरल्या नाहीत तर प्रिंटर रात्रभर तसाच राहू द्या आणि सकाळी परत बघा. लागोपाठ क्लीनिंग मारत बसलं की शाई नुसती वेस्ट पॅडमध्ये, म्हणजे वाया शाई शोषणाऱ्या गादीत जाते. मॅजेंटा (गडद गुलाबी शाई) अडकला की फोटो हिरवट मारतो, सायन (आकाशी निळी) अडकला की तांबूस, पिवळा अडकला की निळसर. सहा रंगांच्या बऱ्याच मशिनांना फिका सायन आणि फिका मॅजेंटा वेगळे असतात. त्यातला एखादा अर्धवट अडकला तर गडद रंग ठीक दिसतात आणि चेहरे, आभाळ असल्या फिक्या जागांवरच झाक येते. हे पटकन लक्षात येत नाही.

नोझल ठीक असतील तर नेटवरून एखादी प्रिंटर टेस्ट इमेज उतरवून घ्या, फुकट मिळतात. त्यात गोऱ्या-सावळ्या माणसांचे चेहरे, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत करड्या पायऱ्या, फळं, आभाळ असं सगळं असतं. ती जशीच्या तशी छापा. तिच्यातले रंग कोणीतरी नीट मापून बसवलेले असतात, तुमच्या पडद्याचा तिथे संबंधच येत नाही. प्रिंट चांगला आला तर प्रिंटर निर्दोष, पडदा खोटारडा. तोही बिघडला तर दोष प्रिंटर, कागद किंवा सेटिंगमध्ये.

आणि प्रिंट दिवसा खिडकीशी बघा. रात्री पिवळ्या दिव्याखाली बघून निकाल देऊ नका.

पोवईनाका, सातारा

एवढा कुटाणा कशाला करायचा राव? लॅबमधून धुवून आणा की. चार बाय सहाचा फोटो तिथं स्वस्तात पडतो आणि टिकतोही. घरचा फोटो प्रिंटर म्हणजे पांढरा हत्ती.

शाईघर, सांगली

@पोवईनाका, चार बाय सहाच्या गठ्ठ्याला लॅबच बरी, त्यात वाद नाही. पण लॅबचा ऑपरेटरही फोटो आपल्या नजरेनं उजळतो, तांबूस करतो. 'करेक्शन नको' असं बजावून सांगावं लागतं आणि फाइल एसआरजीबीमध्ये (पडद्यांसाठीचा प्रमाणित रंगसंच) द्यावी लागते. शिवाय घरचा पडदा भगभगीत असेल तर लॅबचा फोटोही यांना काळाच वाटणार.

हळदकांडी, सांगली

वाचनखूण साठवली. आमच्याकडे हळदीच्या पाकिटांच्या फोटोंचा हाच वैताग आहे, सविस्तर नंतर लिहिते.

रानवाटा, सातारा

शाईघरताई, धन्यवाद. (ताई की दादा? चुकलं तर सांभाळून घ्या.)

नोझल चेक स्वच्छ आला. टेस्ट इमेज छापून सकाळी गॅलरीत नेऊन बघितली. उजेड व्यवस्थित आहे, सावलीतलं बारीकसारीकही दिसतंय. पण करड्या पायऱ्या करड्या नाहीत, मधल्या पायऱ्यांवर विटकरी झाक आहे. चेहरे मामींसारखेच. म्हणजे प्रिंटर निम्मा दोषी धरायचा का?

शाईघर, सांगली

ताईच. आणि तुमचं कोडं बरंचसं सुटलं. काळेपणा पडद्याचा, लाली सेटिंगची.

आधी काळेपणा. मॉनिटर दुकानात उठून दिसावा म्हणून कारखान्यातूनच झगझगीत करून पाठवतात. प्रति चौरस मीटर अडीचशे-तीनशे कँडेला सहज असतो. छपाईसाठी तो साधारण ८० ते १२० असावा लागतो. पडदा स्वतः उजेड फेकतो, कागद खोलीतला उजेड परत देतो, त्यामुळे झगझगीत पडद्यावर 'बरोबर' केलेला फोटो कागदावर काळा वाटणारच. मापायचं यंत्र नसेल तर पडद्यावर कोरी पांढरी खिडकी उघडा, शेजारी फोटोचा कोरा कागद धरा, खोलीत नेहमीचा उजेड ठेवा आणि दोन्ही पांढरे सारखे वाटेपर्यंत ब्राइटनेस उतरवा. सुरुवातीला पडदा मेल्यासारखा वाटेल, मग डोळे बसतात. नाइट लाइट, आय कम्फर्ट, ऑटो ब्राइटनेस हे सगळं बंद. लॅपटॉपच्या स्पेसिफिकेशनमध्ये '४५ टक्के एनटीएससी' लिहिलं असेल तर त्या पडद्याला एसआरजीबीचेही सगळे रंग दाखवता येत नाहीत. तिथे बघून सॅच्युरेशन वाढवू नका, कागदावर भडक येईल.

आता लाली. माझी पैज आहे की लाइटरूमच्या प्रिंट मॉड्यूलमध्ये तुम्ही कागदाचा प्रोफाइल (त्या कागदावर रंग कसे उतरतात ते सांगणारी फाइल) निवडलाय आणि प्रिंटरच्या ड्रायव्हरमध्येही (प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) रंग सुधारणा चालू आहे. एकाच भाजीत सासू-सुनेनं दोघींनी मीठ घातलं की जे होतं तेच इथे होतं. रंग एकदा लाइटरूम बदलतं, बदललेले रंग ड्रायव्हर परत बदलतो आणि फोटो तांबूस किंवा मॅजेंटाकडे जातो. दोघांपैकी एकालाच काम द्या. लाइटरूममध्ये प्रोफाइल निवडलात तर ड्रायव्हरमध्ये रंग बंद. एप्सनच्या ड्रायव्हरमध्ये कलर करेक्शन 'कस्टम' करून आत 'नो कलर अ‍ॅडजस्टमेंट', कॅननमध्ये कलर इंटेन्सिटी 'मॅन्युअल' करून मॅचिंगच्या टॅबमध्ये 'नन'. उलट करायचं तर लाइटरूममध्ये 'मॅनेज्ड बाय प्रिंटर' ठेवा आणि सगळं ड्रायव्हरवर सोडा. दोन्ही छापून बघा.

अजून एक, मीडिया टाइप. ड्रायव्हरमध्ये कागद कुठला निवडलाय त्यावर शाई किती सोडायची हे ठरतं. ग्लॉसी घालून 'प्लेन पेपर' ठेवलं तर फोटो फिका आणि दाणेदार येतो. प्रोफाइलही त्या मीडिया टाइपला बांधलेला असतो, एक बदललं की दुसरं बदलायला हवं.

क्लिकक्लिक, कराड

एवढं लिहिण्यापेक्षा सरळ सांगा, कॅलिब्रेटर घ्या. स्पायडर नाहीतर कॅलिब्राइट. पडद्याला लावा, विषय संपला. स्क्रीन आणि प्रिंट एक होतात.

शाईघर, सांगली

पडद्याचा विषय संपतो, प्रिंटरचा नाही. ते यंत्र म्हणजे कलरीमीटर. पडदा ६५०० केल्विन (पांढऱ्याची छटा) आणि २.२ गॅमावर (मधल्या छटांचा उजळपणा) आणून त्याचा प्रोफाइल बनवून देतं, कामाचंच आहे. पण कागदावरचा रंग त्याला मापता येत नाही. प्रिंटरचा प्रोफाइल बनवायला स्पेक्ट्रोफोटोमीटर लागतो, रंगीत चौकोनांचा तक्ता छापून एकेक चौकोन वाचावा लागतो, आणि त्याची किंमत ऐकून माणूस परत लॅबकडे वळतो. दोन-चार मित्रांत मिळून कलरीमीटर घेतलात तर मात्र पैसे वसूल. विंडोजमध्ये डोळ्यांनी जुळवायचं कॅलिब्रेशन असतंच. त्यानं गॅमा बरा होतो, पण रंगाच्या बाबतीत डोळा फार लवकर फितूर होतो.

तंबोरा, मिरज

उजेडाबद्दल शाईघर जे एका ओळीत सांगून गेल्या, त्यावर जरा लिहितो. माझा त्यावर बराच कागद खर्ची पडलाय.

आमचा तंतुवाद्यांचा धंदा. बाहेरगावचं गिऱ्हाईक पॉलिशचा रंग प्रिंट बघून ठरवतं, त्यामुळे फोटोतला भोपळा आणि हातातला भोपळा जुळावाच लागतो. लाखेच्या पॉलिशचा तो लालसर मधाळ रंग दुकानातल्या पिवळ्या एलईडीखाली प्रिंटशी तंतोतंत जुळला. दोन्ही तसेच उचलून दारात उन्हात नेले तर भोपळा लालच, प्रिंट हिरवट. परत आत आणले, परत जुळले! याला मेटामेरिझम म्हणतात. पॉलिश आणि शाई हे दोन वेगळे पदार्थ. एका दिव्यात ते डोळ्याला सारखे दिसतात, दिवा बदलला की सोंग उतरतं. स्वस्त एलईडीत काही रंगांचा प्रकाश कमीच असतो, तिथे हे जास्त होतं. छपाईवाले ५००० केल्विनच्या प्रमाणित उजेडात प्रिंट तपासतात. घरी तेवढं नको, पण ९० च्या वरच्या सीआरआयचा (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचं माप) एक दिवा टेबलावर असू द्या. खोक्यावर सीआरआय लिहिलेलाच नसेल तर तो दिवा घेऊ नका.

ग्लॉसी कागदाचंही एक आहे. तो पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात चकाकी देणारं रसायन असतं. उन्हातली अतिनील किरणं पडली की ते निळसर उजळतं. एलईडीत ती किरणं जवळपास नसतात, म्हणून तोच कागद घरात किंचित पिवळट वाटतो. फोटो ज्या भिंतीवर लागणार त्या भिंतीच्या उजेडातही एकदा बघून घ्या.

अवांतर: मामांची पंच्याहत्तरी कार्यालयात होती का? तिथे हल्ली स्टेजवर जांभळे-गुलाबी एलईडी मारतात. त्यातले चेहरे कुठल्याही प्रोफाइलनं सरळ होत नाहीत. काळ्या-पांढऱ्यात छापा, मामा रुबाबदार दिसतील.

रानवाटा, सातारा

पंच्याहत्तरी घरीच होती, अंगणात मांडव घालून. पण काळ्या-पांढऱ्याची कल्पना मामींना आवडली.

आणि शाईघरताई, पैज जिंकलात. दोन्हीकडे चालू होतं. ड्रायव्हरमधलं बंद केलं आणि टेस्ट इमेज परत छापली. करड्या पायऱ्यांवरची लाली जवळजवळ गेली, अगदी थोडी ऊब राहिलीय. लॅपटॉपचा ब्राइटनेस एक तृतीयांशावर आणला. देवराईचा फोटो त्या पडद्यावर उघडला तर तो इथेही काळाच आहे! सावल्या उचलल्या आणि छापला. आता बुंध्यावरचं शेवाळ दिसतं.

फुलं मात्र अजून तशीच. मोबाइलवर केवढी सुंदर जांभळी दिसतात.

शाईघर, सांगली

राहिलेली ऊब तुमच्या पोपटाच्या कागदाची. तुम्ही निवडलेला प्रोफाइल प्रिंटर कंपनीच्या स्वतःच्या ग्लॉसी कागदासाठी बनवलेला असणार. पोपटवाल्यांनी प्रोफाइल दिलेलाच नाही, त्यामुळे जवळपासचा वापरायचा आणि थोडा फरक सोसायचा. भिंतीवरच्या मोजक्या फोटोंसाठी प्रिंटर कंपनीचाच कागद घ्या, किंवा ज्यांच्या साइटवर तुमच्या मॉडेलचा आयसीसी प्रोफाइल उतरवून घेता येतो असा कागद घ्या. पोपट रोजच्या कामाला ठेवा. प्रोफाइल हा प्रिंटर, शाई आणि कागद या तिघांच्या जोडणीचा असतो. टँकमध्ये दुसरी शाई ओतली की तोच प्रोफाइल उपयोगाचा राहत नाही.

फुलांसाठी आधी मोबाइल बाजूला ठेवा. डिस्प्ले 'व्हिव्हिड'वर असतो, तो साध्या गोष्टीही नटवून दाखवतो. 'नॅचरल' करून बघा, फुलं तिथेच थोडी उतरतील.

उरलेला दोष शाईच्या मर्यादेचा. गडद निळा-जांभळा पडद्यावर निळ्या आणि लाल उजेडातून होतो. कागदावर तो सायन आणि मॅजेंटा एकावर एक चढवून करावा लागतो आणि त्यात रंगाची धार जाते. पडद्यावरचे काही जांभळे, निळे आणि झगझगीत हिरवे या शायांतून निघतच नाहीत. छापण्याआधी ते बघायची सोय आहे: लाइटरूमच्या डेव्हलप मॉड्यूलमध्ये एस दाबा, सॉफ्ट प्रूफिंग चालू होतं. प्रोफाइल निवडा आणि गॅमट वॉर्निंग लावा, कागदावर न येणारे रंग तिथे वेगळे दाखवले जातात. फोटोशॉपमध्ये कंट्रोल वाय. तुमच्या फुलांच्या पाकळ्याच्या पाकळ्या लाल होतील बघा. 'परसेप्च्युअल' आणि 'रिलेटिव्ह' दोन्ही इंटेंट (न येणारे रंग कागदावर कसे बसवायचे त्या पद्धती) लावून बघा. परसेप्च्युअल सगळे रंग थोडे थोडे आत ओढतो, त्यामुळे पाकळ्यांवरच्या छटांमधला फरक टिकतो. रिलेटिव्ह आतल्या रंगांना सहसा हात लावत नाही, बाहेरचे मात्र काठावर आणून चिकटवतो, मग पाकळी सपाट दिसते. फुलांना मी बहुतेक वेळा परसेप्च्युअल लावते, चेहऱ्यांना रिलेटिव्ह.

तंबोरा, मिरज

यात कॅमेऱ्याचाही हात आहे. जांभळी फुलं डिजिटल कॅमेऱ्यात पुष्कळदा निळी उतरतात, कारण सेन्सरची नजर आपल्या डोळ्यासारखी नसते. त्यात कासला बहुतेक वेळा ढग, आणि ऑटो व्हाइट बॅलन्सचं धोरण आपलं आपण. फिल्मच्या काळी उलटं व्हायचं, काही निळी फुलं गुलाबट यायची. ती फुलं तांबड्यापलीकडचा, डोळ्याला न दिसणारा प्रकाश भरपूर परत फेकतात आणि फिल्मचा तांबडा थर तो टिपायचा. तेव्हाही लोक लॅबवाल्यालाच शिव्या द्यायचे.

रॉमध्ये (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली फाइल) काढले असतील तर ब्लूचा ह्यू (छटा) थोडा जांभळ्याकडे सरकवा आणि ल्युमिनन्स (उजळपणा) किंचित वर घ्या. सॅच्युरेशनला हात नको, तो आधीच शाईच्या कुंपणाबाहेर आहे. पुढच्या वेळी पठारावर ग्रे कार्ड (फोटोतले रंग जुळवायला धरायचं करडं कार्ड) घेऊन जा. वाटेवरूनच धरा, फुलांत पाय घालू नका.

हळदकांडी, सांगली

आले एकदाची. आमचा प्रश्न उलटा आहे. हळदीचा पिवळा पडद्यावर बेताचा आणि कागदावर मात्र अगदी तोंडाला पाणी सुटेल असा येतो. गिऱ्हाईक म्हणतं, फोटोत रंग चढवलाय. आम्ही तर काहीच केलेलं नसतं. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला तरी फोटोवर विश्वास बसेना!

शाईघर, सांगली

तुमची तक्रार खरी आहे, आणि गंमत म्हणजे प्रिंटरही खरं बोलतोय. शाईचा पिवळा टँकमधून थेट येतो, त्यात कुठल्या रंगाची भेसळ लागत नाही. ग्लॉसी कागदावर काही पिवळे आणि सायन एसआरजीबीच्या बाहेरचेही निघतात. म्हणजे प्रिंटर जांभळ्यात लंगडा आणि पिवळ्यात पहिलवान. तुमच्याकडे बहुधा ड्रायव्हरचं 'फोटो एन्हान्स' चालू असणार, ते पिवळा अजून चढवतं. ते बंद करा. मग हळदीची वाटी आणि प्रिंट खिडकीशी शेजारी ठेवून बघा, आणि पडद्याशी तुलना सोडून द्या.

क्लिकक्लिक, कराड

कलरीमीटर आहे माझ्याकडे. साताऱ्याला येणं होतं अधूनमधून. रानवाटा, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, तुमचा लॅपटॉप करून देतो. चहा पाजा म्हणजे झालं.

रानवाटा, सातारा

चहाबरोबर कंदी पेढेही. व्यनि केलाय.

सॉफ्ट प्रूफमध्ये खरंच अख्ख्या पाकळ्या लाल झाल्या. परसेप्च्युअल लावून, ह्यू सरकवून प्रिंटर कंपनीच्या कागदावर छापलं. पठारावर दिसली तशी फुलं नाहीत, पण जांभळी आहेत आणि पाकळीवरच्या शिरा दिसतायत. तंबोराकाका, मामांचा फोटो काळा-पांढरा केला, पण त्याला थोडी हिरवी झाक आलीय. सहा रंगांच्या प्रिंटरवर असं होतं का?

तंबोरा, मिरज

होतं. तुमच्या मशिनीत करडी शाई नसेल तर ती करडा रंग सायन-मॅजेंटा-पिवळ्यातून जुळवते, तोल जरा ढळला की झाक येते. आधी एक दिवस वाळू द्या, या शायांचा रंग पहिल्या काही तासांत बदलतो. तरी राहिली तर फोटोला मुद्दामच किंचित तपकिरी टोन द्या. ठरवून दिलेली झाक डोळ्याला खटकत नाही.

पोवईनाका, सातारा

बरं, मीही आता विचारतोच. पावसाळ्यात आमच्याकडे ग्लॉसी कागद वळतो आणि शाई पसरते. त्यावर काय?

शाईघर, सांगली

पांढरा हत्ती तुमच्या घरीही आहे म्हणायचा!

कागद लागेल तेवढाच बाहेर काढा. उरलेला मूळ पाकिटात घालून वर झिपची पिशवी लावा आणि आडवा ठेवा. प्रिंटरच्या मागच्या ट्रेमध्ये रात्रभर कागद उभा ठेवू नका, वळतो तो तिथेच. छापलेले फोटो एकावर एक रचू नका आणि दुसऱ्या दिवसापर्यंत काचेच्या फ्रेममध्ये घालू नका, ओल आत कोंडून काचेवर धुकं धरतं. आणि पावसाळाभर आठवड्याला एक छोटा रंगीत फोटो छापत राहा, नोझल मोकळी राहतात.